ओरडणाऱ्या मुलाची नाडी

केस पेपरवर सकाळी आठची नोंद माझ्याच अक्षरात आहे: ‘पल्स १६४, रडत होता.’ डेंग्यूच्या मुलाच्या कागदावर याहून निरुपयोगी नोंद क्वचितच सापडेल. १६४ रडण्याने, तापाने की रक्तातलं पाणी कमी होत चालल्याने? आकडा तिन्हीकडे बोट दाखवतो, म्हणजे कुठेच दाखवत नाही. या प्रकरणाबद्दल लिहायचं कारण हीच नोंद.

नवी मुंबईत, ठाणे-बेलापूर रस्त्यापासून जवळच असलेल्या एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात मी मुलांच्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. खाटा बावीस. भाद्रपदात त्या कमी पडतात, कारण पाऊस उघडझाप करत असतो, कुंड्यांत आणि फ्रीजमागच्या ट्रेमध्ये पाणी साचतं आणि दिवसा चावणारा तो पट्टेरी डास मजेत असतो. नेमका त्याच वेळी आमचा निम्मा स्टाफ गणपतीला कोकणात जातो. रजा अडवून काही उपयोग नाही. गणपतीला गावी जाऊ न दिलेली सिस्टर वॉर्डात देहाने असते इतकंच.

मुलगा साडेचार वर्षांचा, वजन १६ किलो. घर कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत, वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी, मूळ गाव साताऱ्याकडे. घरी पाच दिवसांचा गणपती. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आजी त्याला सोन्या म्हणायची, मीही इथे तेच म्हणते.

चतुर्थीच्या संध्याकाळी ताप आला. चौथ्या रात्री साडेदहाला तो आमच्याकडे आला तेव्हा ताप १०२.८, संध्याकाळपासून चार उलट्या, पोटात दुखणं, यकृत दोन बोटं हाताला लागत होतं. बाहेरच्या लॅबमध्ये डेंग्यूची एनएस-१ तपासणी पॉझिटिव्ह. आमच्याकडे पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा टक्का, ३६, प्लेटलेट्स एक लाख बारा हजार. उलट्या आणि पोटदुखी ही डेंग्यूत धोक्याची चिन्हं. तोंडाने काही टिकत नव्हतं, त्यामुळे लाइन, म्हणजे सलाइनसाठी शिरेत नळी, लावणं भाग होतं. त्याबद्दल वाद नाही.

त्या रात्री ड्यूटीवर एक सिस्टर आणि एक ब्रदर होते. मी नव्हते. पुढचं मला दोघांकडून, आईकडून आणि थोडंफार सोन्याकडून कळलं. आईला पडद्याबाहेर थांबवलं, “तुम्ही समोर असलात की जास्त रडतो” म्हणून. मुलाला त्याच्याच खाटेवर आडवं केलं. ब्रदरने खांदे धरले, वॉर्डमामांनी पाय, शेजारच्या पेशंटच्या एका काकांनी डोकं. “काही नाही रे, दुखणार नाही, मुंगी चावेल.” पहिला प्रिक उजव्या हातावर, व्हेन (शीर) फुटली. दुसरा डाव्या हातावर. तिसरा पायाला. चौथ्याला उजव्या मनगटाजवळ लाइन मिळाली. पस्तीस मिनिटं गेली. मग ओढून काढू नये म्हणून हात बोटांपासून कोपराखालपर्यंत डायनाप्लास्टच्या चिकटपट्टीने गुंडाळला, खाली सलाइनच्या खोक्याचा पुठ्ठा कापसात लपेटून बांधला. बाहेर फक्त बोटांची टोकं.

या वाक्यांतून कोणी खलनायक शोधत असेल तर त्याने आमच्या वॉर्डात एक रात्रपाळी करून बघावी. ती सिस्टर चांगली आहे, हात हलका आहे. रिंगर लॅक्टेट हे सलाइन तासाला ८० मिलिने सुरू झालं, दोन तासांनी ४८ वर आणलं, लघवी मोजली, उलटीचं इंजेक्शन वेळेवर दिलं. कागदावर त्या रात्रीत चूक सापडत नाही.

सकाळी आठला मी हँडओव्हर घेऊन सातव्या खाटेकडे वळले, तेव्हा मी अजून चार पावलं लांब होते आणि तो आईच्या मानेला लटकला. पांढरा गणवेश पुरेसा होता. स्टेथोस्कोप दिसला की किंचाळणं, बीपीचा पट्टा म्हटलं की हातपाय झाडणं. थर्मामीटरसुद्धा काखेत टिकेना. मी १६४ लिहिलं. बीपीच्या रकान्यात आडवी रेघ मारली. दहाला पुन्हा तेच, बाराला पुन्हा तेच. लॅबवाल्याने येऊन खाटेवरच रक्त काढलं, म्हणजे पाचवी सुई. पीसीव्ही ४०, प्लेटलेट्स अठ्ठ्याऐंशी हजार.

अकराच्या सुमारास ताप ९९.६ वर उतरला होता. आईने मला हसून सांगितलं, “सिस्टर, उतरला बघा.” डेंग्यूत हे हसू बघायला अवघड जातं. ताप उतरतो तेव्हाच खरी परीक्षा सुरू होते. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये, ताप ओसरताना, केशवाहिन्यांतून रक्तातला पातळ भाग बाहेर झिरपायला लागतो. रक्त घट्ट होतं, म्हणून पीसीव्ही चढतो. हा काळ चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांचा. त्यात सलाइन कमी पडलं तर शॉक, म्हणजे रक्ताभिसरणच कोसळतं, जास्त झालं तर छातीत पाणी. या दोन्हींच्या मधून मूल न्यायचं असतं आणि त्यासाठी यंत्रं फार लागत नाहीत. नाडी, हातापायांची ऊब, नख दाबून रंग किती वेळात परततो, वरच्या-खालच्या बीपीतलं अंतर आणि लघवी. लहान मुलाचं शरीर ठोके वाढवून वरचं बीपी शेवटपर्यंत धरून ठेवतं. आधी नाडी वाढते, मग अंतर आक्रसत जातं आणि वीसवर आलं की शॉक दारात उभा असतो. बीपी कोसळलेलं दिसतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

म्हणजे ज्या चोवीस तासांत या मुलाची नाडी मला सगळ्यात जास्त हवी होती, त्याच तासांत ती वाचता येत नव्हती. आदल्या रात्री वाचवलेल्या मिनिटांची ही किंमत. मुलांची भीती कमी करण्याबद्दल आमच्याकडे बोलतात ते नेहमी माणुसकीच्या सुरात, जमलं तर करा अशा थाटात. भिंतीवर ससे-हत्ती रंगवले की झालं. माझं म्हणणं वेगळं आहे. घाबरलेलं मूल म्हणजे बिघडलेला मॉनिटर. तो दुरुस्त करणं हे नर्सिंगचंच काम आहे आणि ते मोजमापाच्या आधीचं काम आहे.

दुपारी आणखी एक गोष्ट घडली आणि ती चूक माझी आहे. चारच्या सुमारास आई म्हणाली, “हात दुखतोय म्हणतोय.” मी लांबूनच बघितलं. बोटांची टोकं गुलाबी होती, थेंब पडत होते. “बांधून ठेवलंय ना, त्याने अवघडतं. असंच वाटतं त्याला,” म्हणून मी पुढे गेले. सकाळपासून प्रत्येक गोष्टीला ओरडणारं मूल, त्याच्या तक्रारीचं वजन माझ्या मनात आपोआप कमी झालं होतं. ‘लांडगा आला रे’च्या गोष्टीत निदान तो मुलगा खोटं बोलत होता. हा खरंच सांगत होता.

पावणेपाचला तो झोपला. तेव्हा मी चोरपावलांनी जाऊन दिवसातली पहिली खरी नाडी मोजली: ११२. पाय कोमट. नखाचा रंग दोन सेकंदांत परत. झोपेतच पट्टा बांधून बीपी ९२ वर ६४, म्हणजे अंतर २८. बरं वाटलं. मग ड्रिपकडे लक्ष गेलं. मायक्रोड्रिपचा हिशेब सोपा असतो, मिनिटाला जितके थेंब तितके तासाला मिलि. ४८ पडायला हवे होते, २० पडत होते. मी डायनाप्लास्ट कापायला घेतलं. आतला हात कोपरापर्यंत फुगलेला, ताणलेला, फिका आणि गार. लाइन व्हेनबाहेर गेली होती आणि रिंगर कातडीखाली साचत होतं. किती वेळ, ते सांगता येणार नाही, कारण सुईची जागा झाकलेली होती. ती झाकली होती कारण मूल ओढून काढेल अशी भीती होती, आणि ती भीती होती कारण त्याला तिघांनी दाबून धरलं होतं. साखळी इतकी सरळ आहे की लिहितानाही लाज वाटते.

रिंगर कातडी जाळणारं द्रव्य नाही. हात उशीवर उंच ठेवला, दुसऱ्या दिवशी सूज उतरली. पण पीसीव्ही ३६ चा ४० झाला त्यातला किती भाग रोगाचा आणि किती न पोहोचलेल्या सलाइनचा, याचा हिशेब लागणार नाही.

आता नवी लाइन हवी होती. सहाला पीसीव्हीही करायचा होता. माझी ड्यूटी संपली होती, पण संध्याकाळची सिस्टर चिपळूणला होती, त्यामुळे तिची पाळीही माझीच. मी डॉक्टरांना नाडीचे आणि बीपीचे आकडे सांगितले आणि एक तास मागितला. त्यांनी येऊन मुलाला तपासलं आणि म्हणाले, “एक तास. पाय गार पडले तर पाच मिनिटंसुद्धा नाही.” हे नीट लिहून ठेवते, कारण अशा प्रकरणांतून लोक भलताच धडा उचलतात. शॉकमधल्या मुलाला समजावत बसायचं नसतं. तिथे धरायचं, टोचायचं, गरज पडली तर हाडात सुई घालायची. पण वॉर्डातल्या बहुतेक सुया तशा घाईच्या नसतात. आपण त्या घाईच्या करतो.

त्या तासात तोंडाने ओआरएस चालू ठेवलं, दर दहा मिनिटांना दहा मिलि, आईच्या हातून. तासाला साठ. उलट्या थांबल्या होत्या, म्हणून हे जमलं. वॉर्डमामांना खाली मेडिकलमध्ये पाठवून बधिरतेचं क्रीम आणवलं, लिग्नोकेन आणि प्रिलोकेन अडीच-अडीच टक्के. हे क्रीम लावून वरून पारदर्शक पट्टी चिकटवून साठ मिनिटं ठेवावं लागतं. वीस मिनिटांत काढलं तर फक्त चिकट हात मिळतो, गुण नाही. मी डाव्या हाताच्या दोन जागांवर लावलं, एक हुकली तर दुसरी तयार असावी म्हणून. डावा हात का, तर तो उजव्याने जेवतो आणि चित्रं काढतो. आदल्या रात्री हे कोणी विचारलं नव्हतं.

मग मी गणवेशावर घरचा जुना दुपट्टा घेतला आणि खाटेपासून लांब, जमिनीवर बसले. बोलले फक्त आईशी. सोन्याकडे एक प्लास्टिकचा ट्रक होता, चाक तुटलेला. मी आईला विचारलं, हा काय नेतो? उत्तर त्यानेच दिलं: “कांदे.” थोड्या वेळाने: “पाणीपण नेतो.” तिथून रस्ता मिळाला. मी एक नवी चोवीस नंबरची पिवळी इंट्राकॅथ, म्हणजे लाइनची सुई-नळी, फोडली, आतली सुई काढून डब्यात टाकली आणि उरलेली मऊ नळी त्याच्या तळहातावर ठेवली. हे मी फार वर्षं करते आणि दर वेळी मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. त्याने ती चिमटीत धरली, वाकवली, सोडली, ती सरळ झाली. पुन्हा वाकवली.

“हे वाकतंय.”

“हो. हीच राहते हातात. सुई राहत नाही.”

“सुई कुठाय?”

“सुई बाहेर. डब्यात.”

तो बराच वेळ त्या नळीकडे बघत राहिला. रात्रभर आणि दिवसभर तो समजत होता की हातात लोखंडी सुई खुपसून ठेवली आहे आणि हात हलवला की ती आत जाईल. कितीतरी मोठ्या माणसांचीही हीच समजूत असते, विचारून बघा.

त्याने ती नळी ट्रकच्या मागे लावली. टँकरचा पाइप. एवढ्यात बाहेर रस्त्यावर बँजो सुरू झाला, पाच दिवसांचे गणपती निघाले होते. सोन्या थबकला आणि आईला हळूच म्हणाला, “बाप्पा गेला की टोचायचं थांबेल?”

आईला कळेना. मलाही दोन-तीन प्रश्नांनंतर उलगडलं. चतुर्थीला नैवेद्य दाखवायच्या आधी त्याने एक मोदक तोंडात टाकला होता. आजी ओरडली होती: “आरं, बाप्पा शिक्षा करंल!” त्याच संध्याकाळी ताप आला. साडेचार वर्षांच्या डोक्याने दोन आणि दोन चार केले होते. या वयाच्या मुलांना आजार, दुखणं, सुई ही शिक्षा वाटते, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं आणि आम्ही ते परीक्षेत लिहून पास झालेलो असतो. पण पुस्तकात मोदक नसतो. त्यात भर म्हणजे घराघरांतलं ते वाक्य, “जेव नाहीतर सिस्टर सुई टोचतील.” आईने कबूल केलं की तेही झालं होतं. म्हणजे बाप्पाने शिक्षा सुनावली आणि मी ती अंमलात आणायला पांढऱ्या कपड्यांत आले.

आईने व्हिडिओ कॉल लावला. तिकडे उत्तरपूजेची गडबड, मागे झांजा. आजी आधी चिडलीच: “म्या कधी म्हटलं आसं?” मग मुलाचा चेहरा दिसला, तशी गप्प झाली. पदराने मोबाइलची काच पुसली, तिला वाटलं तिकडची काच पुसली जाईल. म्हणाली, “सोन्या, आरं तो मोदक बाप्पालाच तुला द्यायचा हुता. ही बघ, तुझा वाटा ठिवलाय.” आणि पाटासमोरची वाटी दाखवली. धर्मशास्त्राच्या दृष्टीने यात काय बसतं मला माहीत नाही. माझ्या एका तासातल्या सगळ्या प्रयत्नांपेक्षा ते जास्त लागू पडलं.

पावणेसातला आम्ही त्याला ड्रेसिंग रूममध्ये नेलं. खाटेवर नाही. खाट ही त्या मुलाची वॉर्डातली एकमेव स्वतःची जागा असते. तिथे टोचलं की ती जागाही गेली, मग झोपही गेली. आई खुर्चीवर बसली, सोन्या तिच्या मांडीवर, छाती छातीला लावून, पाय तिच्या कमरेच्या दोन बाजूंना. डावा हात तिच्या काखेखालून मागे माझ्याकडे. अशा बसण्यात मुलाला मिठीत घेतल्यासारखं वाटतं आणि हातही स्थिर राहतो. आडवं झोपवलं की तेच मूल जीव तोडून उठायला बघतं. आईचं काम धरणं नव्हे, हे मी तिला आधी सांगितलं होतं. हात ब्रदर धरणार, कोपराखाली आणि मनगटाशी, एवढंच. आणि बोलणार एकच माणूस. चार जण चार बाजूंनी “झालं झालं” करतात, तेव्हा मुलाला कोणाचंच ऐकू येत नाही. आईच्या खांद्यावरून त्याच्या तोंडासमोर एक भिरभिरं होतं, मामांनी रस्त्यावरच्या मिरवणुकीतून आणलेलं. (हातमोज्याचा फुगा करून देण्याची पद्धत आमच्याकडेही आहे. मी ती बंद केली. फुटलेला तुकडा श्वासनलिकेत गेला तर काढणं फार अवघड.)

मी सांगितलं होतं तसंच बोलले: “आता गार पाणी पुसते. आता टोचेल, थोडंसं. तीन म्हणेपर्यंत. तू भिरभिरं फिरव.”

आणि तो किंचाळला. सुई लागली म्हणून नव्हे, सुई अजून ट्रेमध्ये होती. मी दंडाला रबर बांधलं होतं. सगळं सांगितलं, नळी दाखवली, क्रीम लावलं, आजीला बोलावलं आणि रबराचा शब्द काढायला विसरले. मी रबर सोडलं, त्याच्या हातात दिलं, त्याने ते ओढून बघितलं, ट्रकला गुंडाळलं, परत दिलं. पुन्हा बांधलं. क्रीमने कातडी पांढुरकी पडते आणि व्हेन थोडी आक्रसते, म्हणून क्रीम पुसून दोन-तीन मिनिटं आधीच थांबले होते. सुई गेली तेव्हा भिरभिरं फिरत होतं. तो कण्हला, आईच्या खांद्यात तोंड खुपसलं, पुन्हा फुंकर मारली. पहिल्या प्रिकला लाइन. त्यातूनच पीसीव्हीचं रक्त घेतलं, वेगळी सुई वाचली. चार मिनिटं. फ्लॅक मापनात, म्हणजे चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि शांत होणं यांना शून्य ते दोन गुण देऊन, मी दहापैकी चार लिहिले. शून्य नाही. सुई ही सुईच असते.

वर पारदर्शक पट्टी लावली, जागा उघडी दिसेल अशी, आणि पुठ्ठा फक्त मनगटाखाली. काढून टाकलेल्या जुन्या लाइनच्या जागेवर मी घड्याळ लावून पाच मिनिटं दाबून धरलं, प्लेटलेट्स कमी होत्या म्हणून. त्या जागेवर त्याने गोल बँडेज मागितलं. ते दिलंच पाहिजे. या वयात भोक उघडं राहिलं तर सगळं रक्त निघून जाईल असं वाटतं.

पीसीव्ही ४३ आला. सलाइन पुन्हा ८० वर गेलं, मग हळूहळू खाली. रात्री आठला हँडओव्हर देताना मी कालच्याच सिस्टरला ट्रक, नळी, मोदक सगळं सांगितलं. ती थोडी दुखावली. “मॅडम, बावीस पेशंट आणि आम्ही दोघं. समजावत कधी बसायचं?” तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मला डॉक्टरांनी दिलेला तास तिला आदल्या रात्री मिळाला नसता, मुलाच्या उलट्या थांबत नव्हत्या. क्रीम शक्य नव्हतं. पण आई शक्य होती. मांडी शक्य होती. “दुखणार नाही” न म्हणणं तर कधीही शक्य असतं, त्याला स्टाफ लागत नाही. आणि पस्तीस मिनिटं चार माणसं अडकलीच होती की. यावर आमचं त्या रात्री एकमत झालं असं नाही. ती म्हणाली, “बघू,” आणि राउंडला गेली. जाताना मात्र तिने ट्रकबद्दल विचारलं: त्याचं चाक कुठलं तुटलंय?

रात्री दोनला तिनेच मला फोन केला. सोन्या झोपलेला होता. तिने पट्टा बांधला, तो जागा झाला, “रबर?” म्हणाला, ती म्हणाली, “रबर नाही, हा पट्टा, घट्ट होतो आणि सुटतो,” आणि त्याने हात दिला. नाडी १३८, शांत मुलाची. पाय घोट्यापर्यंत गार. नखाचा रंग तीन सेकंदांनी परत. बीपी ९० वर ७०. अंतर वीस. फोन मला नंतर, आधी डॉक्टरांना. रिंगरचा बोलस, म्हणजे जलद दिलेली मोठी मात्रा, किलोला दहा मिलिप्रमाणे १६० मिलि, तासाभरात. त्या वेळचा पीसीव्ही ४५. आयसीयूत खाट सांगून ठेवली होती. तीनला नाडी ११८, अंतर ३०, पाय कोमट. खाट लागली नाही. त्यानंतर दर अर्ध्या तासाच्या नोंदी आहेत, सुवाच्य, एकही आडवी रेघ नाही.

ओरडणाऱ्या मुलाच्या १३८ चं तिने काय केलं असतं? मी तिला विचारलं नाही. ती स्वतःच दुसऱ्या दिवशी म्हणाली, “मी लिहिलं असतं, रडत होता.”

बाकीचं थोडक्यात. सहाव्या दिवशी प्लेटलेट्स चौतीस हजारांवर गेल्या. वडील विसर्जन आटोपून, दोन रात्रींच्या जाग्रणाने तांबारलेल्या डोळ्यांनी आले आणि मार्केटमधले दहा जण रक्त द्यायला तयार आहेत म्हणाले. रक्तस्राव नसताना नुसत्या आकड्यासाठी प्लेटलेट्स चढवत नाहीत, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, पपईच्या पानांचा रस आणणाऱ्या काकांनाही सांगितलं. सातव्या दिवशी अंगावर लाल पुरळ, मधे मधे पांढरे ठिपके, तळपायाला खाज, भरपूर लघवी. म्हणजे झिरपलेलं पाणी परत आलं. सलाइन लगेच बंद केलं, या वेळी चालू ठेवलं तर तेच छातीत साठतं. लाइन काढताना पट्टी त्याने स्वतः काढली, ओल्या कापसाने, कडेकडेने, दहा मिनिटं लावून. मला घाई होती. मी बसून राहिले.

आपल्याकडच्या वॉर्डांची एक गंमत आहे. ब्रिटनमध्ये आईवडिलांना मुलांच्या वॉर्डात येऊ द्या, हे सांगायला १९५९ साली प्लॅट समितीचा अहवाल लागला. तोवर तिथे भेटीच्या वेळा काटेकोर असत. आपण आईला वॉर्डातून कधी हाकललं नाही, कारण तिच्याशिवाय मुलाला भरवणार कोण आणि चादर बदलणार कोण. ती चोवीस तास असते. फक्त ज्या पाच मिनिटांसाठी मुलाला ती हवी असते, तेवढ्यातच आपण तिला बाहेर काढतो. आणि त्या पाच मिनिटांचा हिशेब पुढे चालत राहतो. कॅन्सरच्या मुलांवर १९९८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. पहिल्या वेळी कंबरेतून पाणी किंवा हाडातून मगज काढताना ज्या लहान मुलांना वेदनाशामक मिळालं नव्हतं, त्यांना पुढच्या वेळी तेच औषध देऊनही जास्त दुखलं. सोन्याला दुसऱ्या दिवशी मिळालेलं सगळं पहिल्या रात्रीवर मात करण्यात खर्च झालं, असं मी त्याचा कागद वाचताना म्हणते.

वॉर्डात काय बदललं? लाइन गुंडाळून झाकणं बंद झालं. खाटेवर सुई नाही, हे लॅबवाल्यांनी कुरकुरत मान्य केलं. आया-आज्यांना दाखल होतानाच सांगतो की सिस्टरच्या नावाने धमकी देऊ नका. त्या मान डोलावतात आणि संध्याकाळी पुन्हा देतात. क्रीम मात्र अजून वॉर्डच्या स्टॉकमध्ये आलेलं नाही, नातेवाइकांनाच खालून आणावं लागतं. मी मागणीचा कागद तीनदा पाठवला आहे.

आठवड्याने सोन्या ओपीडीत आला, रक्त तपासायला. आईने सांगितलं, रात्री दचकून उठतो, दोनदा अंथरूण ओलं केलं आणि दिवसभर ट्रकला सलाइन लावतो. खेळू द्या, मी म्हटलं, खेळातूनच ते बाहेर पडतं. अंथरुणावरून रागावू नका. महिनाभरात थांबलं नाही तर या.

तो खुर्चीवर आईच्या मांडीत बसला, न सांगता तसाच, छातीला छाती लावून. डावा हात मागे माझ्याकडे आला. मी धरणार तेवढ्यात तो परत गेला.

“आधी रबर दाखव.”

मी दाखवलं. त्याने ओढून बघितलं.